सांगाडा कशाचा?

आधीच सांगून टाकतो, या शनिवारी सॉफ्टवेअरबद्दल काही लिहिणार नाही. (हे पूर्ण खरं नाही. सवयीने एक-दोन उदाहरणं येतीलच, सांभाळून घ्या.) विषय आहे लाकडी सांगाड्याची जुनी घरं. आमच्या कळमेश्वरात, आणि खरं तर काटोल, सावनेर, नरखेड अशा सगळ्याच पट्ट्यात ही घरं भराभर उतरवली जात आहेत. त्याबद्दल माझं एक मत आहे आणि ते घरी कुणाला पटत नाही. म्हणून इथे.

"उतरवली" हा शब्द मुद्दाम वापरला. स्लॅबचं घर पाडतात, लाकडी घर उतरवतात. आधी कवेलू, मग वासे, मग आढं, मग मयाल, शेवटी खांब. ज्या क्रमाने चढलं त्याच्या बरोबर उलट क्रमाने खाली येतं. स्टॅकच तो, शेवटी ठेवलेलं आधी निघणार. (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी: कवेलू म्हणजे तुमचं कौल, मयाल म्हणजे तुमची तुळई.) आणि खाली आलेलं लाकूड ट्रकमध्ये भरून जातं. जुनं सागवान घेणाऱ्या व्यापाऱ्याला पत्ता विचारावा लागत नाही. घरात वाटणीची बोलणी सुरू झाली की तो टेप घेऊन दारात हजर. आमच्याकडेही येऊन गेला. चौदा खांब मोजले, नखाने खरवडून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाला, "असं लाकूड आता भेटत नाही भाऊ." म्हणजे घराची खरी किंमत घरात एकट्या त्यालाच कळली होती, फक्त घनफुटात!

या घरांची रचना एकदा नीट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेकांच्या डोक्यात "जुनं घर म्हणजे मातीच्या जाड भिंती" एवढंच असतं. भिंतीचा इथे दुय्यम रोल आहे. दगडी तळखड्यावर खांब उभा, खांबाच्या डोक्यावर मयाल, मयालीवर कड्या आणि फळ्या, त्यावर मातीचा थर म्हणजे माळा, आणि त्याच्या वर मोकळी जागा सोडून वासे आणि कवेलू. सगळं ओझं खांबातून तळखड्यात आणि तिथून जमिनीत जातं. भिंत नुसता पडदा, ऊन-वारा-चोर अडवायला. म्हणून तर दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि घर किती मोठं हे खणांत सांगायची पद्धत होती. घर वाढवायचं तर एक खण वाढवा. यालाच आम्ही मॉड्युलर म्हणून प्रेझेंटेशन करतो.

जोड कसे? एका लाकडाला खाच, दुसऱ्याला कुसू, आणि आरपार लाकडी खुंटी. मुख्य सांगाड्यात खिळा जवळपास नाहीच. गेल्या उन्हाळ्यात दोन शनिवार-रविवार टॉर्च घेऊन मी आमच्या घराचे सगळे जोड पाहिले, मापं घेतली, कॉम्प्युटरवर नकाशा काढला. एका मयालीच्या टोकाला छिन्नीच्या तीन रेघा दिसल्या. खाली खांबाच्या डोक्यावरही तीन. दुसरीकडे चार आणि चार. म्हणजे सुताराने सगळे जोड आधी खाली जमिनीवर जुळवले, खुणा केल्या, मग चढवलं. पणजोबांच्या वेळचा तो सुतार कोण होता हे घरात कुणालाच माहीत नाही, पण त्याची पार्ट-नंबर सिस्टिम शाबूत आहे.

गंमत म्हणजे अगदी हेच इंग्लंडच्या जुन्या शेतघरांत सापडतं. तिकडे साग नाही, ओक. आपल्याकडे भिंतीत माती-विटा, तिकडे काटक्यांची कुडाची जाळी आणि वरून मातीचा लेप. पण खाच-कुसू, लाकडी खुंटी आणि सुताराच्या खुणा (तिथे रोमन आकड्यांत) तशाच. केंटमधल्या चिडिंगस्टोन गावी बेलीफ नावाचं एक शेतघर होतं, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे जलाशय होणार म्हणून घर पाण्याखाली जायची वेळ आली. त्यांनी ते सुटं केलं, एकेक लाकूड नोंदलं आणि ससेक्सच्या एका उघड्या संग्रहालयात पुन्हा उभं केलं. आजही लोक आत जाऊन चुलीपाशी बसतात. आपल्याकडे धरणं काय कमी झाली? पेंच, तोतलाडोह, उजनी, कोयना. किती गावं उठली असतील! त्यातल्या घरांचं लाकूड लोकांनी जमेल तसं नेलं आणि वापरलंही, लाकूड वाया घालवणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. पण घर म्हणून घर कुणी उचललं नाही.

असो. स्मरणरंजन हा माझा मुद्दा नाही. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही, माझं पोट नव्यावर चालतं. मुद्दा सुरक्षिततेचा आहे, आणि तिथे किल्लारीचं नाव घ्यावंच लागतं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती विसर्जन होऊन लोक झोपलेले. लातूर-उस्मानाबादचा तो ६.२ चा भूकंप आठ हजारांच्या आसपास माणसं घेऊन गेला. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. (२००२ च्या सुधारणेत झोन एकच रद्द झाला. म्हणजे "इथे काही होत नाही" ही कॅटेगरीच काढून टाकली, चांगलं केलं.) तिथली घरं दगडाची होती. दोन अडीच फूट जाड भिंत, पण मुळात ती एक भिंत नव्हेच. बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये चुरा आणि चिखल, आणि दोन्ही थरांना आरपार बांधणारा दगड बहुतेक ठिकाणी नाही. वर माळवद, दर काही वर्षांनी गळतं म्हणून मातीचा अजून एक थर, असं करत करत फूट-दीड-दोन फूट माती. जमीन हलली तशा भिंती फुगून दोन्हीकडे कोसळल्या.

आता नीट ऐका. ज्या घरांत भिंतीच्या आत लाकडी खणांचा सांगाडा होता, तिथे अनेक ठिकाणी भिंती पडल्या तरी खांब-तुळयांवर माळवद तसंच उभं राहिलं. पाहणी करणाऱ्या इंजिनिअर लोकांनी हे नोंदवून ठेवलंय. जिथे लाकूड परवडलं नाही म्हणून तुळया थेट दगडी भिंतीवर टेकवल्या होत्या, तिथे भिंतीबरोबर छत खाली आलं. म्हणजे मारलं ते सुट्या दगडाने आणि छतावरच्या मातीच्या वजनाने. सांगाड्याने जमेल तितकं धरून ठेवलं. दगड अंगावर पडून सांगाड्याच्या घरातही माणसं गेली, ते खरंच. पण त्यानंतर महाराष्ट्राच्या मनात जे बसलं ते "जुनं घर धोक्याचं, स्लॅब सुरक्षित" असं सरसकट. लाकूड आणि दगड एकाच आरोपपत्रात!

जगात इतरत्र उलटा धडा घेतला गेला. १७५५ च्या भूकंपानंतर लिस्बन पुन्हा बांधताना पोर्तुगीजांनी भिंतींच्या आत लाकडी पिंजराच घातला, तिरक्या आडव्या पट्ट्यांसकट. काश्मीरमध्ये धज्जी देवारी म्हणून पद्धत आहे, लाकडाच्या लहान लहान चौकटी आणि त्यात विटा-माती. ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात ती घरं साध्या दगड-विटांच्या घरांपेक्षा बरीच चांगली टिकली, आणि पाकिस्तानच्या बाजूला पुनर्बांधणीत तीच पद्धत अधिकृतपणे घेतली गेली. लाकूड वाकतं, जोड थोडे सरकतात, कुरकुरतात आणि धक्का जिरवतात. कडक वस्तू सहन करते करते आणि एकदम तुटते.

आपल्या सांगाड्यात दोष नाही का? आहे. इंग्लंडच्या चौकटीत कोपऱ्याकोपऱ्यात तिरके आधार असतात, आपल्याकडे बहुतेक घरांत नसतात. खांबाच्या डोक्याजवळचा हस्त थोडंफार काम करतो, बाकी आडवा धक्का जाड भिंतींवर सोडलेला. किल्लारीनंतर मजबुतीकरणाचे जे उपाय सांगितले गेले ते म्हणूनच साधे होते. छतावरची जास्तीची माती काढा, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरके आधार ठोका, भिंतीत आरपार बांधणी घाला. यातलं एकही काम रॉकेट सायन्स नाही. एक चांगला सुतार आणि एक गवंडी, दोघांचं काम.

मग लोक हे का करत नाहीत? माझ्या मते एक कारण अगदी आमच्या धंद्यातलं आहे. २०११ च्या जनगणनेच्या घरयादीचा फॉर्म पाहा. जमीन कशाची, भिंत कशाची, छप्पर कशाचं, तीन प्रश्न. छपरात कवेलू हाताने थापलेला की मशीनचा हेसुद्धा वेगवेगळं विचारलंय. पण ते छप्पर कशावर उभं आहे, सांगाडा कशाचा, हा प्रश्नच नाही. टेबलमध्ये कॉलमच नाही! मग सागाच्या चौदा खांबांचं घर आणि नुसत्या मातीच्या भिंतीवर बल्ल्या टेकवलेलं खोपटं, दोन्हींची नोंद एकसारखी: भिंत मातीची, छप्पर कवेलूचं, म्हणजे कच्चं. जे मोजलं जात नाही ते सरकारी हिशेबात नसतंच. घरकुलाची यादी, बँकेचं कर्ज, सोयरिकीला आलेले पाहुणे, सगळे याच टेबलवर क्वेरी मारतात. "पोराचं घर पक्कं हाय ना?" या प्रश्नात पक्कं म्हणजे स्लॅब.

आणि यातला विनोद कुणाच्या लक्षात येत नाही. स्लॅबचं घर म्हणजे तरी काय? कॉलम आणि बीम. म्हणजे खांब आणि मयाल. भिंत तिथेही पडदाच. एक सांगाडा विकून आपण दुसरा सांगाडा विकत घेतो, बस्. फरक असा की जुना ज्याने केला त्याला त्याचं काम येत होतं. नवा कोण करतो? गावात ड्रॉइंग नसतं, मिस्त्री सांगेल तेवढी सळाख. रिंगा किती अंतरावर, त्यांची टोकं आत वळवली का, काँक्रीटमध्ये पाणी किती ओतलं, नंतर पाणी किती दिवस मारलं, विचारायला कोणी नाही. मी काँक्रीटच्या विरोधात नाही. नीट केलेलं काँक्रीट उत्तमच. पण न तपासलेलं काँक्रीट नुसतं दिसायला पक्कं असतं, आणि सळाख आतून गंजायला लागली की वीस-पंचवीस वर्षांत स्लॅबचे पापुद्रे ताटात पडतात. लाकूड कुजलं तर वरून दिसतं, ठोकून पाहिलं तर आवाज बदलतो. तेवढं एक लाकूड काढून दुसरं बसवता येतं. अख्खं री-राइट करायची गरज नाही.

शिवाय आपल्याकडची माती. जुन्या लोकांनी काळीत शेती केली आणि पांढरीवर गाव वसवलं ते उगाच नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गाव वाढलं तसे प्लॉट काळीत पडले, आणि आता नव्या घरांच्या भिंतींना पहिल्या-दुसऱ्या वर्षीच तिरके तडे. तळखड्यावर टेकलेला खांब थोडा खालीवर झाला तर कवेलू दोनचार सरकतात, घर मोडत नाही.

उन्हाचं तर काय सांगू. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवलं होतं आणि नंतर कळलं की सेन्सर बिघडला होता. पण दोन दिवस लोकांना ते खरं वाटलं, यातच सगळं आलं. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर खोलीत ओकतो. माळ्याची माती, वर मोकळी हवा आणि मग कवेलू, असं तिहेरी छत असलेल्या आमच्या माजघरात मे महिन्याच्या दुपारी माणूस झोपू शकतो. कूलर लागतो, पण झोप लागते. सेवाग्रामच्या बापूकुटीत भर उन्हाळ्यात बसून आलेल्यांना मी काय म्हणतो ते कळेल. इव्हान इलिच १९७८ मध्ये तिथे बसून झोपडीच्या साधेपणावर खूप सुंदर बोलला होता. पण मी त्यागाची गोष्ट करत नाहीये. ही घरं खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्यांची होती, बंगई टांगलेली, तुरीच्या कणग्या भरलेली.

आता दुसरी बाजू. ती माझ्या मोठ्या आईची आहे आणि ती त्या घरात राहते, मी नाही. मी राहतो पुण्यात, नवव्या मजल्यावर. तिला माझे खाच-कुसू ऐकवले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तुले काय होते रे बाबू, तू लिफ्टनं वर जातं. कवेलू फेराले मी चढू काय?"

याला उत्तर सोपं नाही. दर वर्षी मृगाआधी कवेलू फेरावे लागतात. फेरणारी माणसं उरली नाहीत, आणि जी आहेत त्यांची मजुरी वाजवी मागितली तरी जड जाते. माकडांची टोळी एका सकाळी शे-दोनशे कवेलू फोडून जाते. फुटल्या जागेतून पाणी मुरतं, पाणी मुरलं की उधई येते, आणि उधई सागाचा गाभा सोडून बाकी सगळं खाते. संडास अंगणाच्या त्या टोकाला, गुडघे दुखणाऱ्या बाईने रात्री पावसात तिथपर्यंत जायचं. आगीची भीती वेगळीच. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, आमचा नागपूरचा भोसल्यांचा राजवाडा १८६४ मध्ये. जाड सागवान बाहेरून कोळसा होत हळूहळू जळतं, लोखंडासारखं एकदम वाकत नाही, हे पुस्तकात ठीक. पण जुन्या वायरिंगखाली झोपणाऱ्याला ते ऐकवून काय उपयोग? घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. आमच्याकडे वासे जागेवर आहेत, घरातली माणसं पुण्याला, बंगलोरला आणि एक अमेरिकेला फिरली.

म्हणून माझं म्हणणं "घर जसंच्या तसं ठेवा" असं मुळीच नाही. इंग्लंडमध्ये यादीत आलेल्या सुमारे पावणेचार लाख वास्तू आहेत आणि त्यात परवानगीशिवाय मालकाला मनासारखा बदल करता येत नाही. तिथे त्यासाठी कायदा आहे, कारागीर आहेत, थोडाफार पैसाही आहे. कळमेश्वरात उद्या नुसता कायदा आणला तर पहिल्या रात्रीच लोक घरं उतरवून टाकतील. मालकाला भुर्दंड आणि वाटसरूला सौंदर्य, असला हिशेब मला मान्य नाही. त्यांच्याकडून घ्यायचं तर विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये संस्था काढून जे लावून धरलं ते घ्यावं: सजवू नका, नवं जुन्यासारखं दाखवू नका, दुरुस्त करत राहा.

तर मी घरी जे मांडलंय ते असं. खांब आणि मयाली हलवायच्या नाहीत. दोन खांब खालून कुजलेत, तेवढेच कापून नवा तुकडा जोडायचा. कोपऱ्यांत तिरके आधार. उत्तरेची पोट सुटलेली भिंत पूर्ण उतरवून विटांची करायची, ती पडदाच आहे, खुशाल बदला. माळ्याची माती अर्धी करायची. कवेलू काढून पत्रा टाकायचा. हो, पत्रा! खाली माती आणि मध्ये हवा आहे तोवर पत्र्याचा ताप माजघरात उतरत नाही, आणि माकडांचा प्रश्न मिटतो. (हेरिटेजवाले मित्र हे वाचून माझ्याशी बोलणार नाहीत, चालेल.) मागच्या बाजूला, सांगाड्याला हात न लावता, सिमेंटची एक खोली: संडास, न्हाणी, गरम पाणी, पकडायला दांडा. वायरिंग सगळं नवीन. याचा खर्च नव्या स्लॅबच्या घरापेक्षा कमी येतोय, पण लाकूड विकून येणारी रक्कम हातची जाते, आणि तीन भावांच्या वाटणीत ती रक्कम हाच एकमेव भाग आहे ज्याचे सरळ तीन तुकडे पडतात. खरी अडचण तिथे आहे, वास्तुशास्त्रात नाही. मोठे बाबा काही बोलत नाहीत. धाकटे काका व्यापाऱ्याचा फोन उचलतात.

मी काकांना एवढंच विचारलंय की हे लाकूड जातं कुठे ते बघा. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला बाजारात सीपी टीक म्हणून अजून नाव आहे. २०२३ मध्ये बल्लारशाहून अयोध्येच्या मंदिराला साग गेला, दिल्लीच्या नव्या संसद भवनातही नागपूरकडचा साग आहे. तसा शंभर वर्षं मुरलेला साग आपल्याकडे आधीच उभा आहे, जोडलेला आहे, आणि आपण तो फार्महाऊसच्या दारांसाठी विकायला निघालोय. म्हणजे कुणीतरी तेच लाकूड लावून "जुन्या वाड्याचा फील" घेणार, आणि मोठी आई स्लॅबखाली मे महिना काढणार.

दिवाळीत सगळे जमणार आहेत, तेव्हा ठरेल. बयाणा अजून घेतलेला नाही. तोवर एक काम आहे. मला माणूस हवाय. काटोल-सावनेर-कळमेश्वर भागात जुन्या जोडाचं काम येणारा वाढई कुणाच्या माहितीत असेल तर जरूर कळवा. वय कितीही असो. वर चढायचं काम माझं, त्यांनी ओसरीत खुर्ची टाकून बसायचं आणि कुठला कुसू आधी सोडवायचा ते सांगायचं.